हिच्या पानावरच्या जाहिराती

मंगळवार, ४ मार्च

डायरी लिहायची मला सवय नाही. रंगाच्या कारखान्यात रोजचा अहवाल लिहितो, तेवढंच. पण संध्याकाळी घरी आल्यावर दिवसभरातलं काही सांगावंसं वाटलं तर ऐकणारं माणूस नाही. म्हणून लिहून बघतो.

पत्नी जाऊन दोन महिने झाले. मी हिला कधी नावानं हाक मारली नाही. चारचौघांतही 'ही' असंच म्हणायचो. इथेही तसंच लिहीन.

हिचा एक ब्लॉग आहे. ही त्याला 'पान' म्हणायची. नाव 'चार टाके'. फाटलेले, उसवलेले कपडे घरच्या घरी कसे नीट करायचे, एवढाच विषय. झिजलेली कॉलर उसवून उलटी कशी लावायची, कोपरावर ठिगळ लावलं तरी ते ठिगळ वाटू नये म्हणून काय करायचं, कोटाचं बटण लावताना खाली आगपेटीची काडी का धरायची. फोटोत फक्त हिचे हात दिसतात. लोक अजून येतात, वाचतात, प्रश्न विचारतात. मी त्यांना काही कळवलेलं नाही. काय लिहायचं ते सुचत नाही.

आज निरोप आला की पानाची मुदत पुढच्या महिन्यात संपते. पैसे भरले नाहीत तर पान बंद होईल. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "रविवारी येतो आम्ही. मला त्याबद्दल बोलायचंच होतं."

रविवार, ९ मार्च

लेक आणि जावई जेवायला आले होते. म्हणजे जेवण त्यांनीच आणलं. जावई संगणकाच्या कामात आहेत. ते पानाबद्दल बरंच सांगत होते. शेवटी लेक म्हणाली, "थोडक्यात काय बाबा, आपण आईच्या पानावर जाहिराती लावू या. पान स्वतःचा खर्च स्वतः काढेल."

मी म्हणालो, "खर्च मी भरतो. किती असतो तो?"

"प्रश्न तो नाही."

"मग हिनं नको म्हटलं होतं ना."

हिनं म्हटलं होतं हे खरं आहे. मी फोन उघडून त्यांना वाचूनच दाखवलं. हिनं पानावर एका वाचकाला उत्तर दिलं आहे: 'तुम्ही विचारलंत, सुयांच्या कंपनीकडून जाहिरात का घेत नाही? सुई कुठलीही चालते. मी एका सुईचं नाव घेतलं की कोणीतरी घरातली सुई ठेवून ती आणायला निघेल, आणि शर्ट तसाच फाटका राहील. इथे मी काही विकत घ्यायला सांगणार नाही.'

जावई म्हणाले, "बिनतोड आहे."

लेक म्हणाली, "तू कोणाच्या बाजूनं आहेस?" मग माझ्याकडे वळली. "बाबा, आईनं जन्मभर फुकट शिवलं. तुमच्या कारखान्यातली माणसं यायची, 'वहिनी, जरा एवढं' म्हणत. पोरांच्या गणवेशापासून पडद्यांपर्यंत. कोणी कधी विचारलं, काय द्यायचं म्हणून? तुम्ही शेड जुळवता त्याचा पगार घेता ना? आणि त्या रंगाच्या डब्यावर कंपनीचं नाव ठळक असतं, ती जाहिरात नाही तर काय आहे?"

"डबा विकायलाच असतो."

"आणि आईचं काम वाटायला. हेच म्हणतेय मी."

 मला उत्तर चटकन येत नाही, ती आईसारखी आहे, तिला येतं.

भांडी घासताना ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "आणि आज तुम्ही भराल. तुमच्या माघारी कोण लक्षात ठेवणार दर वर्षी? मी विसरले तर? जाहिराती असल्या की ते कोणावर अवलंबून नाही राहणार. आपोआप चालेल."

हे मला पटलं. एवढं पटलं की मी लगेच हो म्हणालो. तिलाच नवल वाटलं. म्हणाली, "बघा हं, नंतर कुरकुर नको."

गुरुवार, १३ मार्च

जाहिराती सुरू झाल्या. जावयांनी फोनवरून शिकवलं की कुठली कंपनी नको असेल तर तिला बंद करता येतं. ते सोडून बाकी सगळं यंत्र ठरवतं. पानावरचे शब्द वाचून त्याला साजेशी जाहिरात ते लावतं म्हणे.

पहिली जाहिरात पाण्याच्या टाक्या धुऊन देणाऱ्यांची. यंत्रानं 'टाके' म्हणजे पाण्याचं टाकं असं धरलं असणार. दुसरी, ऑपरेशनच्या टाक्यांचे वण घालवणारं मलम. मला एकट्यालाच हसू आलं. ही असती तर दिवसभर सांगत सुटली असती.

पण कॉलर उलटी लावायच्या धड्याच्या अगदी पोटात नव्या शर्टांची जाहिरात होती. दोनावर एक मोफत. ती बंद केली.

रविवार, १६ मार्च

कपाटं आवरली. हिचे धागे रंगाप्रमाणे लावलेले होते, ते तसेच डब्यांत भरले. मेहुणीला बोलावून शिवणयंत्र देऊन टाकलं. ती घ्यायला तयार नव्हती.

"भावोजी, आत्ताच का? असू द्या की. ताईचं आहे ते."

"पडून गंजेल."

"तेल घालायला येत जाईन मी. यंत्र काय खायला मागतं का?"

"नको. घेऊन जा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग टेम्पोवाल्याला फोन केला. जाताना दारात म्हणाली, "आणखी काही द्यायचं असलं तर आधी मला विचारा. तुम्ही हल्ली फार उदार झालात."

लेकीला हे कळवलं नव्हतं. तिला मावशीकडून कळलं. तिनं दिवसभर फोन केला नाही.

सोमवार, १७ मार्च

तपासल्याशिवाय माल दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही, ही माझी नोकरीतली सवय. रंगाची बॅच तयार झाली की मी पत्र्यावर रंग ओढतो, सुकू देतो, मूळ नमुन्याशेजारी धरतो. मगच सही. जाहिरातींचंही तसंच करायचं ठरवलं. हिच्या पानावर कोणीही येऊन काहीही विकावं हे बरोबर नाही. जेवणाच्या सुट्टीत पान उघडायचं, जी जाहिरात दिसेल ती दाबून आत जायचं, कंपनी बघायची, माल बघायचा, पत्ता खरा वाटतो का बघायचं. पटली तर ठेवायची, नाही तर बंद.

आज तपासलेल्या: हातशिलाईच्या सुयांचा संच, ठेवला. डोळ्यांचे थेंब, ठेवले. एक महिन्यात शिवणकाम शिकवणारा वर्ग, बंद. एक महिन्यात काही येत नाही.

काम बरं वाटलं. जेवणाची सुट्टी एरवी जाता जात नाही.

गुरुवार, २० मार्च

आजकाल जाहिराती बदलल्या आहेत. शिवणकामाच्या कमीच. आज एकट्याला पुरेल एवढा कुकर, झोपेसाठी गोळ्या, घरातलं सामान विकत घेणारे. गोळ्या बंद केल्या. कापड शिवायच्या पानावर झोपेच्या गोळ्यांचं काय काम? यंत्रानं काय वाचलं कोण जाणे. हिनं झोपेबद्दल कुठे एक अक्षर लिहिलेलं नाही, मी सगळं वाचून काढलं.

शनिवार, २२ मार्च

मेहुणीचा फोन. भडकली होती.

"भावोजी, ताईच्या पानावर तुम्ही हे काय लावलंय?"

"काय?"

"पोट आत घ्यायचं चूर्ण! उघडलं की चूर्ण, खाली गेलं की चूर्ण. एक जाडी बाई आणि शेजारी तीच बारीक. ताईच्या हातांच्या फोटोखाली."

मी म्हणालो, मला तर असं काही दिसलं नाही, मी रोज तपासतो. ती म्हणाली, मग चष्मा तपासा. जावयांना विचारलं. ते जरा खोकले आणि म्हणाले, "मावशींना सांगू नका बाबा, पण ते तसंच असतं." मला काही उलगडा झाला नाही. चूर्णाची कंपनी शोधून बंद केली.

मंगळवार, २५ मार्च

मॅडमना निळ्या-करड्या शेडचं सगळं समजावून दिलं. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या. त्यांची नजर चांगली आहे, पण पिवळा नेहमी जरा जास्त पडतो. त्यासाठी मी कोणत्या दिव्याखाली आधी बघतो, काळा किती थेंबांनी घालतो, हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. ते सांगितलं. मूळ नमुन्यांच्या कपाटाच्या किल्ल्याही दाखवल्या.

त्या म्हणाल्या, "तुमच्या निवृत्तीला अजून अवकाश आहे ना? घाई कसली?"

मी म्हणालो, असू द्यावं माहीत.

"सुट्टीवर जाताय का?"

"नाही."

"मग जा. चार दिवस जाऊन या कुठे तरी. तुम्ही हल्ली पत्र्याकडे बघता तेव्हा पत्रा दिसत नाही तुम्हाला, असं वाटतं मला."

आजच्या दोन बॅच परत कराव्या लागल्या. माझ्या सहीच्या होत्या.

शुक्रवार, २८ मार्च

एक नवीन जाहिरात आली आहे आणि जातच नाही. पांढऱ्यावर निळी अक्षरं. निळा चांगला आहे, फिकट पण मिळमिळीत नाही. 'खूप जड झालंय? बोला. आम्ही ऐकतो.' खाली फोन नंबर. बस.

काय विकतात ते लिहिलेलं नाही. दाबून आत गेलो तर तिथेही तोच नंबर आणि 'मोफत'. मोफत म्हटलं की मला शंका येते. यात काहीतरी खोट असणार. पण नक्की कळल्याशिवाय बंद करणं बरोबर नाही. ठेवून दिली.

सोमवार, ३१ मार्च

कालचा दिवस चांगला गेला नाही. लिहीत नाही.

निळी जाहिरात कालही होती.

बुधवार, २ एप्रिल

जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या पिंपांच्या मागे जाऊन त्या नंबरवर फोन केला. तिथे कोणी येत नाही. तपासणी आज संपवायचीच असं सकाळपासून मनात होतं. पुढे सगळं आपोआप चालायचं असेल तर निदान आत्ता तरी पान स्वच्छ हवं.

एका बाईंनी उचलला. माझ्याच वयाच्या असाव्यात, घसा बसलेला. म्हणाल्या, "बोला."

मी म्हणालो, "मी तुमची जाहिरात तपासतोय."

"बरं. तपासा."

"तुम्ही काय विकता?"

"काही नाही."

"मग जाहिरात कशाला?"

"फोन यावा म्हणून."

"कोणाचा?"

"आज तुमचा आला."

मी पुन्हा सांगितलं की माझ्या पत्नीच्या पानावर ही जाहिरात येते, पान शिवणकामाचं आहे, तुमचा तिथे संबंध लागत नाही, म्हणून विचारतोय. त्या म्हणाल्या, "हो, तपासणी म्हणालात ना. मला घाई नाही. पत्नी शिवतात?"

मी म्हणालो, "शिवायची."

यावर त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं फोन बंद पडला. "आहात का?" म्हणून विचारलं.

"आहे. तुम्ही जेवलात का?"

"डबा आहे."

"उघडलात का?"

"नाही."

"सकाळी?"

हा काय प्रश्न झाला, असं मनात आलं. पण उत्तर दिलं. मग त्यांनी विचारलं, रात्री झोप लागते का, घरी कोण असतं. मग एक प्रश्न विचारला, सरळ, जसा मॅडम विचारतात की हा पत्रा सुकला आहे की नाही. इतका सरळ की मी खोटं बोलायचं विसरलो.

नंतर काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. आगपेटीच्या काडीचं सांगितलं एवढं आठवतं. कोटाच्या बटणाखाली काडी धरून टाके घालायचे, मग काडी काढून घ्यायची, म्हणजे बटण कापडापासून जरा वर राहतं आणि जाड कापडाला जागा मिळते. त्या म्हणाल्या, "अगं बाई. मी आजवर घट्टच लावत आले." आणि हसल्या. मीही.

मॅडम मला शोधत पिंपांपर्यंत आल्या तेव्हा सुट्टी केव्हाच संपली होती. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "उद्या पुन्हा तपासा. आणि घरचं कोणीतरी एक माणूस निवडा, त्याला सांगा. मला सांगितलंत तेवढं."

घरी येऊन जेवलो.

निळी जाहिरात: ठेवली. खोट नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

पुन्हा फोन केला. आज दुसरं कोणी होतं, एक गृहस्थ. तेही बरे होते. पण काडीचं त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

शनिवार, ५ एप्रिल

जाहिरात कंपनीचं पत्र आलं. तुमच्या पानावर गैरप्रकार आढळल्यामुळे तुमचं खातं कायमचं बंद करत आहोत. जमा झालेली रक्कम जाहिरातदारांना परत जाईल.

मी सगळं पुन्हा पुन्हा वाचलं. सदतीस वर्षं माझ्या सहीवर डबे बाहेर जातात, कोणी गैरप्रकार हा शब्द माझ्यासाठी वापरलेला नाही. हिच्या पानावर तर नाहीच नाही. पान उघडलं. सगळ्या जाहिराती गेलेल्या होत्या. निळीसुद्धा.

जावयांना फोन केला. ते म्हणाले, "उद्या येतो. घाबरू नका."

रविवार, ६ एप्रिल

सगळं नीट लिहून ठेवतो.

जावयांनी पत्र वाचलं आणि विचारलं, "बाबा, तुम्ही जाहिराती दाबत होतात का?"

"दाबल्याशिवाय तपासणार कशा?"

"सगळ्या?"

"रोज. जेवणाच्या सुट्टीत."

ते इतके हसले की खुर्चीतून उठून खिडकीशी गेले. "अहो बाबा, एका दाबण्याचे पैसे त्या कंपनीकडून कापले जातात आणि आपल्याला मिळतात. दुकानदारानं स्वतःच गल्ल्यापुढे रांग लावावी तसं झालं हे. त्यांनी तुम्हाला चोर ठरवलं."

लेकही हसत होती. आई गेल्यापासून तिला हसताना पाहिलं नव्हतं. मलाही बरं वाटलं, म्हणून मीच पुढे बोललो. म्हणालो, "पण एक जाहिरात चांगली होती हो. काही विकत नव्हते. नुसतं, बोला, आम्ही ऐकतो. पांढऱ्यावर निळी. तिला मी मनापासून ठेवलं होतं. ती गेली याचं वाईट वाटतं."

लेक म्हणाली, "मला कधी दिसली नाही ती."

"रोज असायची. दुसरं काही येतच नव्हतं शेवटी."

"मला तर पोरांचे बूटच दिसायचे."

जावई अजून हसतच होते. म्हणाले, "ज्याचं त्याला दिसतं. मावशींना चूर्ण, हिला बूट. पान एकच, पण माणूस फोनवर जे शोधत असतो, तेच त्याला..."

आणि थांबले.

मी दिव्यांच्या पेटीत रोज एकच पत्रा तीन दिव्यांखाली धरतो. दर वेळी रंग वेगळा दिसतो, आणि त्यात नवल वाटून घ्यायचं नाही हे मी नव्या माणसांना शिकवतो. मग हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही? मी आपला यंत्राला दोष देत बसलो, की हिचं पान त्याला नीट वाचता येत नाही. ते हिचं पान वाचतच नव्हतं.

लेक जावयांना म्हणाली, "तू जरा दूध घेऊन ये."

मी म्हणालो, "दूध आहे."

"घेऊन ये," ती त्यांनाच म्हणाली. ते पायांत चपला न घालताच गेले, मग परत येऊन घालून गेले.

ती माझ्यासमोर बसली नाही, शेजारी बसली. "बाबा, काय शोधत होतात फोनवर?"

"झोप येत नव्हती."

"आणि?"

मी काय शोधत होतो ते या डायरीत मी कुठेही लिहिलेलं नाही. स्वतःच्या डायरीतही लिहिलं नाही, आणि तिकडे यंत्राला रोज सांगत होतो. फोनवरच्या बाई म्हणाल्या होत्या, घरचं एक माणूस निवडा. निवडायला दुसरं आहे कोण? तिला सांगितलं. सगळं नाही, पण खरं तेच सांगितलं.

ती बराच वेळ माझी बाही चिमटीत धरून बसली होती. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी. मग म्हणाली, "मशीन मावशीला दिलंत तेव्हा मी चिडले होते. मला वाटलं, आईचं सगळं घराबाहेर काढताय. जाहिरातींना हो म्हणालात तेव्हा वाटलं, चला, जिंकले मी. तुम्ही त्यासाठी हो म्हणाला नव्हतात ना?"

"पान कोणावर अवलंबून नको, असं तू म्हणालीस."

"मी काय वाट्टेल ते म्हणते. तुम्ही ऐकता कशाला?"

"तूच म्हणालीस, नंतर कुरकुर नको."

यावर ती हसली आणि रडलीही.

जावई दुधाच्या चार पिशव्या घेऊन आले.

बुधवार, ९ एप्रिल

लेक इथेच राहिली आहे. काल डॉक्टरांकडे गेलो. ती आत बरोबर आली. गोळ्या दिल्या आहेत, आणि दर आठवड्याला जायचं आहे. डॉक्टर वयानं लहान आहेत, पण घाई करत नाहीत. मॅडमना सांगून आठ दिवस सुट्टी घेतली. कारण सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, "कपाटाच्या किल्ल्या मी तुमच्या खणातच ठेवलेल्या आहेत."

रात्री माझा फोन लेकीच्या उशाशी असतो. मला अपमान वाटला. पण झोप लागली.

शुक्रवार, ११ एप्रिल

जावई म्हणतात, कंपनीला खुलासा लिहिता येईल. तपासणीसाठी दाबत होतो असं लिहिलं तर कदाचित खातं पुन्हा सुरू करतील. चहा घेताना त्यावर बोलणं झालं. लेक अजूनही म्हणते की आईच्या कामाला किंमत मिळायला हवी होती, आणि त्या मुद्द्यावरून ती हटणार नाही.

मी म्हणालो, "तू म्हणतेस ते चूक नाही. पण ती शर्टवाल्यांनी का द्यायची? शिवून ज्यांनी नेलं त्यांनी द्यायची."

"ते आता कुठून देणार?"

"माहीत नाही."

जावई म्हणाले, "पण बाबा, ती निळी जाहिरात आली नसती तर?"

त्यांनी हे विचारायला नको होतं, आणि विचारलं ते बरं झालं.  मला उत्तर सापडलेलं नाही. हिचं म्हणणं बरोबर, असं म्हणावं तर मी इथे बसून लिहितोय ते हिचं न ऐकल्यामुळे. लेकीचं बरोबर म्हणावं, तर त्याच यंत्रानं मला आधी गोळ्या दाखवल्या होत्या. त्याला दोन्ही सारखंच. मी शेवटी एवढंच म्हणालो की खुलासा लिहायचा नाही.

"का?"

"मला पुन्हा तपासत बसायचं नाही."

लेक म्हणाली, "हे चालेल."

दुपारी हिच्या पानावर चार ओळी लिहिल्या. या पानाच्या लेखिका जानेवारीत वारल्या. धडे आहेत तसेच राहतील. प्रश्न विचारलेत तर मला येईल तेवढं सांगेन, मी त्यांचा नवरा आहे, मला शिवता येत नाही पण रंग जुळवता येतो. पाठवायचं बटण लेकीनं दाबायला मागितलं. मी दिलं नाही, स्वतः दाबलं.

रविवार, १३ एप्रिल

कालपासून लोक लिहीत आहेत. बरेच जण. एकानं काळ्या पँटला कोणता काळा धागा लावायचा ते विचारलं आहे. त्याला लिहिलं की काळे दहा प्रकारचे असतात, पँट आणि धागा घेऊन उन्हात जा.

मुदत मंगळवारी संपते, म्हणून जावयांनी आज पैसे भरायला घेतले. एक वर्ष, तीन वर्षं, पाच वर्षं, असे पर्याय होते. त्यांनी विचारलं, "किती वर्षांचं भरू?"

मी म्हणालो, "पाच. स्वस्त पडतं."

लेक स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात ओले होते. म्हणाली, "एक."

मी म्हणालो, "अगं, पाच वर्षांचं एकदम भरलं तर जवळजवळ निम्म्यात पडतं."

"पडू दे महाग. एकच भरायचं. पुढच्या वर्षी बाबा भरतील."

"आणि त्यापुढच्या वर्षी?"

"त्या वर्षीही बाबाच भरतील. दर वर्षी. मी आठवण करून देणार नाही, हा देणार नाही. तुम्ही लक्षात ठेवायचं."

जावई माझ्याकडे बघत थांबले होते. हिशेबानं पाहिलं तर हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि हे मी तिला दोनदा सांगितलं. ती पदराला हात पुसत तशीच उभी राहिली.

एका वर्षाचं भरलं.